मुडदूस हटत नसेल, तर स्फुरद तपासा



भोर-वेल्ह्याकडे एकदा पाऊस लागला की उन्हाचे दर्शन दुर्मीळ होते. मूल घरातच वाढते. पाय धनुष्यासारखे वाकले, मनगटे रुंद झाली, की आपण म्हणतो मुडदूस झाला. डॉक्टर ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियम देतात, मूल उन्हात खेळू लागते, पोटात नाचणी-दूध जाते आणि बहुतेक मुले काही महिन्यांत सुधारतात.

एखादे मूल मात्र सुधारत नाही. मग घरात बोल लागतो तो आईला. आजचा लेख त्या मुलासाठी आणि त्या आईसाठी आहे.

नत्र, स्फुरद, पालाश तुम्हाला ठाऊक आहेत. त्यातले स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, हाडालाही लागते. शरीरातले सुमारे ८५ टक्के स्फुरद हाडांत व दातांत असते. नाचणी, डाळ, दूध यांतून ते भरपूर मिळते. मग कमी का पडते?

भाटघरचे धरण आठवा. पाऊस कितीही पडो, दरवाजे उघडेच राहिले तर धरण भरेल का? स्फुरदाचे दरवाजे मूत्रपिंडात असतात. ते किती उघडायचे, हा निरोप हाडांतूनच निघणारे एक संप्रेरक नेते. त्याचे नाव एफजीएफ-२३. त्याचा शोध २००० साली लागला. ते गरजेपेक्षा जास्त झाले की स्फुरद लघवीवाटे वाहून जाते. शिवाय ‘ड’ जीवनसत्त्व कामाला लागण्यातही ते आडकाठी करते. म्हणून नेहमीचे औषध येथे पुरे पडत नाही.

हा दोष बहुधा जन्मजात असतो. त्याच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारात बापाला दोष असेल तर तो सर्व मुलींत उतरतो, मुलग्यांत नाही. आईला असेल तर प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. कधी घराण्यात कोणालाच नसताना तो नव्याने उद्भवतो. आईच्या दुधाचा वा खाण्यापिण्याचा त्यात काहीच अपराध नाही.

काय करावे? उपचार करूनही पाय वाकडेच राहिले, उंची खुंटली किंवा दात किडलेला नसताना हिरडीला गळू आले, तर सरकारी दवाखान्यात रक्त व लघवीतील फॉस्फरस तपासण्याविषयी विचारा. अहवाल मुलाच्या वयाच्या प्रमाणाशी ताडून घ्या. मुलांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असते. अंगणवाडीत व शाळेत येणाऱ्या तपासणी पथकालाही मूल दाखवा. पुढील उपचारासाठी पुण्याला ससूनला जाता येते.

उपचारात फॉस्फेटचे औषध दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे, आणि सोबत तयार स्वरूपातले ‘ड’ जीवनसत्त्व देतात. संप्रेरकालाच आवरणारे इंजेक्शनही २०१८ पासून निघाले आहे, पण ते फार महाग आहे. मनाने ‘ड’ची इंजेक्शने वाढवू नका, त्याने मूत्रपिंडाला अपाय होतो. आणि खताच्या गोणीतले स्फुरद शेतासाठीच ठेवा, ते औषध नव्हे.

हाडे वाढत आहेत तोवरच पाय सरळ होण्याची संधी जास्त. ती दवडू नका.