टीबीच्या कार्डावर नसलेली बाई

मार्च 2020च्या अखेरीस बुलढाण्यात कोविडचा पहिला बळी गेला आणि प्रशासन त्या रुग्णाच्या संपर्कातल्या एकेका माणसाच्या मागावर निघालं. क्षयरोगाच्या वाट्याला अशी धावपळ येत नाही. तोही हवेतूनच पसरतो, पण सावकाश. त्यामुळे घाई कुणालाच नसते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या गावातलं कापूस वेचणाऱ्या मजुराचं कुठलंही घर घ्या. नवऱ्याने टीबीने अंथरूण धरलं की त्याची कमाई थांबते. त्याला दवाखान्यात न्यायचं, थुंकीचा नमुना पोचवायचा, तर बायकोचाही रोज बुडतो. उपचार किमान सहा महिन्यांचे. गोळ्यांनी मळमळतं, माणूस चिडचिड करतो आणि जरा बरं वाटलं की गोळी चुकवू पाहतो. त्याच्या मागे लागायचं काम तिचंच. पोरीची सोयरीक अडेल म्हणून शेजारी कळूही द्यायचं नाही. हे सगळं एका खोलीत, त्याचा खोकला अंगावर घेत.

सरकार रुग्णाला विसरलेलं नाही, हे मान्य. औषधं फुकट आहेत. निक्षय पोषण योजनेत 2018पासून महिन्याला 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024पासून ते 1000 झाले. म्हणजे दिवसाला 33 रुपये, तेही एका माणसाच्या खाण्यासाठी. अंडं त्याला आणि उरलंसुरलं तिला, हा तर आपल्या घरांचा जुनाच शिरस्ता.

त्या उरल्यासुरल्याची किंमत झारखंडमधल्या एका अभ्यासात कळली. 2023मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. घरातल्या सगळ्यांना तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वं मिळालेल्या कुटुंबांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण, फक्त रुग्णालाच शिधा मिळालेल्या कुटुंबांपेक्षा 39 टक्क्यांनी कमी भरलं. ‘निक्षय मित्र’ म्हणवल्या जाणाऱ्या दात्यांच्या शिध्यात आता घरच्यांनाही धरलं आहे, पण दाता भेटला तर! इतकी मोलाची गोष्ट दात्याच्या मर्जीवर सोडणं चूक आहे.

बुलढाण्यात हा शिधा थेट रेशन दुकानातून द्यावा. घरच्यांना प्रतिबंधक गोळ्या देण्याचं धोरण 2021पासून आहेच. त्या गोळ्यांची नोंद रुग्णाच्याच कार्डावर व्हावी. त्याला घेऊन तालुक्याला आलेल्या बाईचा एक्स-रे त्याच फेरीत काढावा आणि त्या दिवसाची मजुरी तिच्या खात्यात पडावी. पैसे कुठून आणायचे, असं कुणी विचारेलच. तिलाही टीबी झाला, तर आणखी सहा महिन्यांची औषधं, महिन्याचे हजार रुपये आणि घरातली दुसरी बुडालेली मजुरी, एवढा खर्च सरकार आणि ते घर मिळून करणारच आहेत.