लाट खडकावर घडते!

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं सर्फिंग झालं ताहिती बेटावरच्या तेआहुपो गावात. तिथल्या लाटांचा अंदाज बांधणं म्हणजे आपलंच काम! न्यूझीलंडच्या दक्षिणेला वादळ उठलं, की दोन लाटांमधला वेळ बघायचा. तो १६ सेकंद असेल, तर खोल समुद्रात लाटांचा गट ताशी सुमारे ४५ किलोमीटरने सरकतो. तो कधी पोचणार, हे साध्या कॅल्सीवर निघतं.

पण लाट पाठवतं वादळ. तिला नळीसारखा आकार देतो तो किनाऱ्याजवळचा प्रवाळ. खोल पाण्यातून ती एकदम उथळ खडकावर आदळते, म्हणून तशी वळते.

आणि गंमत बघा! याच स्पर्धेच्या पंचांसाठी अॅल्युमिनियमचा मनोरा उभारायचा होता. गावकऱ्यांनी विरोध केला, मनोरा लहान झाला. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये चाचणीच्या वेळी बार्जने तिथला काही प्रवाळ मोडलाच.

वादळ हजारो किलोमीटरवरून मोजणाऱ्यांना पायाखालचा खडक दिसू नये? प्रोजेक्ट करताना आपण लोड मोजतो, खर्च मोजतो, डेडलाइन मोजतो. माझ्या मते, आधी जागा समजून घ्यावी आणि तिथल्या माणसांचं ऐकावं. नाहीतर गणित बरोबर येईल, पण लाटच उरणार नाही!