होडी, तिथी आणि परतीची वेळ

दिवाळी सरली, हवेत गारवा आला आणि पावसाळ्यात गढूळ झालेले समुद्राचे पाणी निवळू लागले, की उपनगरांतील पुष्कळ घरांतून एक बेत हटकून निघतो. एखादी लहान होडी ठरवावी, सकाळच्या वेळी खाडीबाहेर जावे, गळ टाकून घटका दोन घटका बसावे आणि मुलांना समुद्र जवळून दाखवावा, असा हा बेत असतो. तो स्तुत्यच आहे. जोगेश्वरीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मंडळींना समुद्र वाटतो तितका दूर नाही. आरेच्या टेकड्यांतून निघणारी ओशिवरा नदी आपल्या वस्तीजवळून वाहत जाऊन मालाडच्या खाडीस मिळते, आणि ती खाडी वेसावे व मढ या दोन गावांच्या मधून अरबी समुद्रास मिळते. जोगेश्वरीच्या लेण्यांपासून वेसाव्याचा कोळीवाडा फार तर पाचसहा मैल. परंतु हे पाचसहा मैल ओलांडताच आपले घरगुती नियम संपतात व दुसरेच नियम लागू होतात, याची जाणीव ठेवून बेत आखणारी घरे थोडीच आढळतात. म्हणून या महिन्यात त्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

सामान्यतः सहलीचा बेत निघण्याच्या वेळेपासून आखला जातो. किती वाजता उठावयाचे, डब्यात काय न्यावयाचे, कोणी कोणाशेजारी बसावयाचे, हे आधी ठरते. परतीचे मात्र “होईल तेव्हा येऊ” एवढ्यावर भागते. समुद्रावर हा क्रम उलटा केला पाहिजे. तेथे परतीची वेळ आधी ठरवावी आणि तीवरून मागे मोजत निघण्याची वेळ काढावी. कारण जाणे आपल्या इच्छेवर अवलंबून असते. येणे मात्र पाणी, वारा आणि तांडेल या तिघांच्या हाती असते.

प्रथम ऋतूचा विचार करू. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस सरकारी बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही तेव्हा खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेस सागराची पूजा करून कोळी बांधव पुन्हा होड्या लोटतात. पण त्यांनी लोटल्या म्हणून आपणही लगेच निघावे असे नाही. हौशी मंडळींसाठी कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम.

पावसाळ्यातील समुद्राशी खेळणे म्हणजे काय, हे ‘रामदास’ बोटीने महाराष्ट्रास कायमचे शिकविले आहे. 17 जुलै 1947 रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ती आगबोट वाटेत एका प्रचंड लाटेने कलंडून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. जे थोडे वाचले, त्यांतील अनेकांना कोळ्यांच्या होड्यांनी पाण्यातून वर काढले. तथापि, हिवाळा म्हणजे निर्धास्तपणा असेही कोणी समजू नये. 18 डिसेंबर 2024 रोजी दुपारी, शांत समुद्रात, घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीस नौदलाच्या एका वेगवान बोटीची धडक बसली आणि डझनाहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पहिल्या दुर्घटनेत समुद्र खवळलेला होता, दुसरीत तो शांत होता. तेव्हा ऋतू चांगला निवडला म्हणजे निम्मेच काम झाले असे समजावे.

ऋतूनंतर तिथी. आपल्या घरांतून पंचांग असतेच. येथे ते अगदी वेगळ्या कामी येते. कोकणपट्टीत जुना हिशेब असा आहे की, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीचा अंदाजी तास मिळतो. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता. आणि तीच भरती सुमारे सव्वाबारा तासांनी पुन्हा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. शुक्ल आणि वद्य या दोन्ही पक्षांस हाच हिशेब लागू पडतो. मात्र हा अंदाज आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीचे प्रसिद्ध होणारे कोष्टक पाहून तो ताडून घ्यावा.

या हिशेबाचा उपयोग असा. खाडीच्या तोंडाशी गाळ व वाळू साचलेली असते. ओहोटीच्या वेळी तेथे पाणी उथळ होते आणि होडी अडकण्याचा संभव असतो. म्हणून परतताना खाडीत पुरेसे पाणी हवे. दुसरे असे की, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येते व पाण्याला फार ओढ असते. प्रवाहाच्या तोंडी बांधलेल्या डोलीच्या जाळ्यांस ती ओढ मानवते, कारण तिच्याबरोबर बोंबील जाळ्यात येतात. पण गळाचे शिसे अशा ओढीत तळाशी ठरत नाही. अष्टमीनंतरच्या भांगाच्या दिवसांत ओढ मंद असते. या दोन्ही गोष्टी जमवू गेल्यास एकादशी व द्वादशी हे दिवस सोयीचे ठरतात. आता एकादशीस गळ टाकावयास निघण्याची गोष्ट काढली, तर घरातील आजी काय म्हणतील हे आम्ही सांगावयास नको! तेव्हा द्वादशी पक्की करावी. नऊच्या सुमारास भरती पूर्ण होते; सूर्योदयाबरोबर निघून दहाच्या ठोक्यास होडीचे तोंड किनाऱ्याकडे वळविले, तर अकराच्या आत भरल्या खाडीतून सुखरूप परत येता येते.

अकराच्या आतच का, असे मुले विचारतील. त्याचे कारण वाऱ्यात आहे. रात्री जमीन समुद्राहून लवकर थंड होते, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो व किनाऱ्यालगतचे पाणी बहुधा शांत असते. दिवस वर आला की जमीन तापते, वारा फिरतो आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. दुपारपर्यंत लाटा उठू लागतात. मोठ्या गलबतास त्याचे काही वाटत नाही. लहान होडीस आणि तीत बसलेल्या नवख्या माणसांस पुष्कळ वाटते.

आता होडी व तांडेल. मासेमारीची प्रत्येक होडी प्रवासी नेण्यास मुखत्यार असतेच असे नाही. म्हणून मच्छीमारांच्या सहकारी संस्थेत चौकशी करून, तशी परवानगी असलेली आणि नोंदणी क्रमांक लावलेली होडीच ठरवावी. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला करणारे समुद्रमार्गे आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावरील तपासणी कडक झाली आहे. यास्तव प्रत्येकाने ओळखपत्र जवळ बाळगावे. जितकी माणसे तितकी तरंगणारी जाकिटे हवीत, मुलांसाठी त्यांच्या मापाची हवीत, आणि ती बैठकीखाली न ठेवता होडीत पाय ठेवण्यापूर्वीच अंगात घातलेली हवीत. पोहता येते म्हणून जाकीट नको, हा युक्तिवाद ऐकूनच घेऊ नये.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. आपल्या एकत्र कुटुंबात वडिलांचा शब्द शेवटचा असतो, व तो तसा असणे बहुधा हितकारकच असते. परंतु होडीत वडीलकी तांडेलाची असते. आजोबा न्यायाधीश असोत, काका प्राध्यापक असोत. आकाशाच्या कडेला काय दिसते आणि पाण्याचा रंग का पालटला, हे त्या माणसास कळते, आपणांस कळत नाही. “एवढे पैसे मोजले आहेत, आणखी अर्धा तास थांबू” हे वाक्य समुद्रावर फार महाग पडू शकते. म्हणून किनाऱ्यावर असतानाच सर्वांसमक्ष दोन गोष्टी बोलून घ्याव्या. एक, तांडेलाने “परत” म्हटले की कोणी वाद घालावयाचा नाही. दोन, तो निघालाच नाही तरी त्याचा खोळंबा भरून द्यावयाचा, आणि अर्ध्या वाटेवरून त्याने होडी फिरविली तरी ठरलेली रक्कम पूर्ण द्यावयाची. हा उदारपणा नव्हे, ही सावधगिरी आहे. परतण्याने ज्याची मजुरी बुडते, त्याला परत फिरा असे सांगणे जड जाते; त्याच्या पोटाला त्याच्या अनुभवाशी भांडावयास लावू नये.

तसाच एक हक्क होडीतील सर्वांत धाकट्यासही असावा. सूनबाईंना मळमळू लागते, पण सासऱ्यांचा विरस नको म्हणून त्या गप्प बसतात. मुलगा भ्यालेला असतो, पण भाऊ हसतील म्हणून बोलत नाही. असे मौन घरात शालीनता ठरत असेल, होडीत ते धोक्याचे असते. “मला बरे वाटत नाही” असे कोणीही म्हणावे आणि त्यावर कोणी थट्टा करू नये, हेही आधीच ठरवावे. लहान होडीत शौचाची सोय नसते, हे स्त्रियांना व वृद्धांना आधी स्पष्ट सांगावे, म्हणजे ज्यांना किनाऱ्यावर थांबावयाचे असेल त्यांना संकोच वाटणार नाही.

बरोबर नेण्याचे सामान थोडकेच असावे: पुरेसे पिण्याचे पाणी, हलका कोरडा खाऊ, टोप्या, कात्री, चिमटा व जखमेचे औषध. ज्यांना होडी लागते त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्यापूर्वीच गोळी घ्यावी. घरी राहणाऱ्या एका जबाबदार माणसाजवळ होडीचा क्रमांक, तांडेलाचे नाव आणि परतीची वेळ लिहून द्यावी. ती वेळ टळून गेली व संपर्क होत नसला, तर त्याने तटरक्षक दलास 1554 या क्रमांकावर कळवावे.

गळ टाकताना कोळ्यांच्या डोलीपासून दूर राहावे. ती कोणाच्या तरी घरची चूल आहे. शेंगाळा व पाकट यांच्या काट्यांपासून हात जपावे; काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा व डॉक्टरांकडे जावे. फुगणारा केंड मासा विषारी असतो, तो कोणीही खाऊ नये. लहान मासा मिळाल्यास हलक्या हाताने पाण्यात सोडावा. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, तो याच हेतूने. ज्या घरात मासळी शिजत नाही, त्या मंडळींनी मिळालेले मासे खलाशास द्यावे. केवळ करमणुकीसाठी जीव धरून तो फुकट घालविणे कोणत्याही घरास शोभणारे नाही.

सारांश, या सहलीचे यश किती मासे लागले यावर मोजू नये. दहा वाजता गळाला चांगली ओढ लागली असतानाही तांडेलाच्या एका शब्दासरशी ज्या घराने मुकाट्याने दोर गुंडाळला, त्या घरातील मुले त्या दिवशी जे शिकली ते त्यांना पुस्तकातून सहसा मिळत नाही. येत्या द्वादशीस ज्यांचा बेत असेल, त्यांनी पंचांग आजच उघडावे, आणि पहिली नोंद परतीच्या वेळेची करावी.