वराहखाद्यातील पूरक द्रव्ये : आधी आहार, मग पूड

खाद्यात कोणती पूड मिसळली असता डुकराची चरबी घटून मांस वाढेल, असा प्रश्न वराहपालन करणारे शेतकरी बंधू वारंवार विचारतात. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु आमच्या मते त्याचा क्रम चुकला आहे. पुडीचे नाव विचारण्यापूर्वी मूळ आहारात काय उणे आहे, हे पाहिले पाहिजे.

मका, भाताचा कोंडा व खानावळीतील उरलेले अन्न यांवर पोसलेल्या जनावरास उष्मांक पुष्कळ मिळतात. पण मांस घडविण्यास आवश्यक असे लायसिन हे अमिनो आम्ल फार थोडे मिळते. मक्याच्या दाण्यात ते जेमतेम पाव टक्का असते. उलट, सुधारित जातीच्या २५ ते ५० किलो वजनाच्या डुकरांच्या आहारात ते सुमारे १ टक्का असावे लागते. विटांचा ढीग असूनही चुना संपला, तर भिंत वर चढत नाही. तसेच हे आहे. न वापरलेल्या उष्मांकांची मग चरबी होते. म्हणून सोयाबीनची पेंड योग्य प्रमाणात घालणे व गरजेपुरते लायसिन मिसळणे, हेच मांसवाढीचे पहिले साधन होय.

दुसरा मार्ग रॅक्टोपामिनसारख्या औषधांचा. अमेरिकेत १९९९ साली ते डुकरांसाठी मान्य झाले. ते स्नायूंच्या पेशींस चालना देऊन प्रथिनांची बांधणी वाढविते व चरबीचा संचय कमी करिते. परंतु ते विक्रीपूर्वीच्या अखेरच्या काही आठवड्यांतच देतात, कारण त्याचा प्रभाव दिवसेंदिवस ओसरतो. शिवाय आहारात किमान १६ टक्के प्रथिने असावीत, अशी अट तेथील सूचनापत्रातच आहे. म्हणजे औषधासही उत्तम आहाराची गरज सुटलेली नाही!

युरोपीय संघ व चीन यांनी या औषधास मनाई केली आहे. २०१२ साली कोडेक्स आयोगाने त्याच्या अवशेषांची मर्यादा ठरविली, ती ६९ विरुद्ध ६७ अशा निसटत्या मतांनी. त्याच वर्गातील क्लेनब्युटेरॉल तर अधिक घातक. त्याचे अवशेष असलेले डुकराचे मांस खाऊन शांघायमध्ये २००६ साली तीनशेहून अधिक लोक आजारी पडले. वाढीसाठी प्रतिजैविके देण्याची प्रथाही युरोपीय संघाने २००६ पासून बंद केली. भारतात कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नोपयोगी पशूंना देण्यास २०१९ साली मनाई झाली.

चरबी सर्वत्र नकोशी असते, असेही नाही. गोव्यातील चोरिसांना चरबीवाचून चव व ओलावा येत नाही. तेव्हा आपले गिऱ्हाईक कोण, हे आधी ओळखावे.

सारांश, ज्या पुडीवर घटकद्रव्ये व प्रमाण छापलेले नाही, ती दारातूनच परत करावी. खाद्याचा हिशेब पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यावा आणि दर पंधरा दिवसांनी जनावराचे वजन करून नोंद ठेवावी. जे मांस आपण आपल्या मुलाबाळांच्या ताटात निःशंक मनाने वाढू शकू, तेच बाजारात न्यावे. वराहपालनाची पत याच विश्वासावर टिकणार आहे.