दगडच तर आहेत!

सिकंदराबादला आल्यापासून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की एकदाचं उत्तर लिहूनच टाकतो.

हैदराबादचा हा ग्रॅनाइट साधारण २५० कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट जेमतेम साडेसहा कोटींचा, म्हणजे याच्यापुढे शेंबडं पोर. एकावर एक तोललेल्या या शिळा कुणी रचलेल्या नाहीत, कुठून घरंगळतही आलेल्या नाहीत. जमिनीखाली भेगांतून पाणी मुरत गेलं, कोपरे झिजून गोल झाले, वरची माती वाहून गेली आणि शिळा जागच्या जागी उघड्या पडल्या. सुरुंगाच्या एका बारात त्यांची खडी होते.

चढणाऱ्याला या दगडाची किंमत बोटांनी कळते. सह्याद्रीत प्रत्येक पकड आधी ठोकून बघायची, कारण कुठला दगड निखळून हातात येईल सांगता येत नाही. इथे खरखरीत दाणा. तिरप्या स्लॅबवर हाताला काही नसलं तरी बुटाच्या तळव्यावर उभं राहता येतं. टाच खाली सोडायची आणि अंग दगडापासून लांब ठेवायचं. नवखा जवान घाबरून दगडाला मिठी मारतो आणि नेमका तिथेच घसरतो. पायावर विश्वास ठेवणं म्हणजे काय, हे परेड ग्राउंडवर शिकवता येत नाही. खाजागुड्याच्या बुटक्या शिळांना तर दोरही लागत नाही. खाली गादी, मागे हात पसरून उभा साथीदार, झालं.

आणि याच शहरात लोक पैसे भरून प्लास्टिकच्या पकडींवर चढतात!

घरं, ऑफिसं बांधायची नाहीत का, असं विचारतात. बांधा की. गोवळकोंडा बांधणाऱ्यांनी शिळा फोडून मैदान केलं नाही, शिळाच तटबंदीत घेतल्या. त्यांच्याकडे जेसीबी नव्हता म्हणून, असं कुणी म्हणेल, असेलही. पण किल्ला अजून उभा आहे.

२०२५च्या एप्रिलमध्ये कांचा गच्चीबावलीची तोड सुप्रीम कोर्टाने थांबवली. वर्दीतल्या माणसाने राजकारण बोलू नये, म्हणून मी फक्त दगडाचं बोलतो. तिथे झाडांसाठी, मोरांसाठी, हरणांसाठी लोक भांडले, चांगलंच झालं. पण झाड पुन्हा लावा असा हुकूम निघू शकतो. शिळा पुन्हा लावा, असा कुणाला देणार?

‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही इथली संस्था १९९६पासून लोकांना या दगडांत फिरवते आहे. चढणाऱ्यांनीही जरा लाज बाळगावी. शिळेवर ऑइलपेंटने बदाम काढणारे आणि बाटल्या फोडणारे काही बिल्डरचे नोकर नसतात, आपल्यातलेच असतात.

सरकारकडे मागणं मोठं नाही. उरलेल्या गुट्टांची मोजणी करा, नकाशावर हद्द दाखवा, सुरुंगाला बंदी घाला आणि सकाळ-संध्याकाळ लोकांना चढू द्या. तिकीटघर, कारंजं, सेल्फी पॉइंट काही नको.