बॉडी नको, लेन्स घेऊ या

आपल्या फोटोग्राफी क्लबला यंदा नवे साहित्य घेता येणार आहे. क्लबमधल्या बहुतेकांना वाटते की जुना एपीएस-सी कॅमेरा बाजूला ठेवून फुलफ्रेम बॉडी घ्यावी. माझे मत वेगळे आहे. आहे तोच कॅमेरा ठेवावा आणि दोन लेन्स घ्याव्यात. माझी कारणे पुढे देतो. सरांनी आणि पालकांनीही ती तपासून पाहावीत.

आधी एक प्रश्न. आपण फोटो काढतो कोणासाठी? आपल्यापैकी अनेकांचे आई-बाबा बेळगाव, कोल्हापूर, साताऱ्याकडे राहतात. काहींचे बाबा सीमेवर आहेत. बोम्मसंद्र्याला यायचे तर बेळगावहूनही रात्रभराचा बसप्रवास. संमेलनात आपला मुलगा कसा नाचला, बक्षीस घेताना कसा दिसला, हे त्यांना क्लबच्या फोटोंतूनच कळते. मैदानावरचे आपले फोटो चांगले येतात. सभागृहातले मात्र हललेले येतात, आणि घरी सगळ्यात जास्त वाट पाहिली जाते ती त्याच फोटोंची.

नवी बॉडी घेतली की हे सुटेल, असे म्हटले जाते. थोडे गणित करू. आपली १८-५५ ची किट लेन्स ५५ वर नेली की तिचे अ‍ॅपर्चर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. ५० मिमीची साधी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. प्रकाश या आकड्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ५.६ ला १.८ ने भागून वर्ग केला की ९.७ येतात, म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश. आयएसओ तेवढाच ठेवून जिथे शटर १/३० ला अडकत होते, तिथे ते १/२५० ला नेता येते. नाचणाऱ्या मुलाचा चेहरा मग पुसट होत नाही.

आता फुलफ्रेमचे पाहू. तिचा सेन्सर ३६ × २४ मिमी असतो, आपला साधारण २३.५ × १५.६ मिमी. क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून थोडे जास्त. फायदा आहे, पण लेन्सने दहापट मिळतो तिथे बॉडीने सव्वादोन पट. शिवाय आपली किट लेन्स एपीएस-सी साठी बनवलेली आहे. फुलफ्रेमवर ती लावली तर कडा काळ्या पडतात, किंवा कॅमेरा सेन्सरचा मधलाच भाग वापरतो. म्हणजे बॉडीपाठोपाठ लेन्सही घ्यावी लागणार. नवी फुलफ्रेम बॉडी लाखाच्या घरात जाते, आणि ५० मिमी एफ १.८ दहा हजारांच्या आसपास मिळते.

दुसरी लेन्स ५५-२५० किंवा ७०-३०० अशी टेलिझूम असावी. हॉकी, परेड आणि बन्नेरघट्ट्याच्या सहलीला तीच लागते. उन्हात एफ ५.६ पुरते, शटर १/१००० सहज मिळते. ग्रुप फोटोला किट लेन्सच बरी. तिथे एफ १.८ उघडले तर पुढची रांग स्पष्ट आणि मागची धूसर येईल. एफ ८ ठेवायचे आणि फोटो सकाळी काढायचा.

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा खरा आहे. नव्या मिररलेस बॉडीचा फोकस चेहरा आणि डोळे स्वतः शोधतो, आपल्या कॅमेऱ्याला ते जमत नाही. पण दोन्हींसाठी पैसे नसतील तर आधी काय, हे ठरवावेच लागेल. लेन्स पुढेही उपयोगी पडते. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. या माउंटच्या बऱ्याच लेन्स आजच्या मिररलेसवरही अ‍ॅडॉप्टर लावून चालतात. बॉडी मात्र काही वर्षांत जुनी होते.

सेकंडहँड लेन्स घ्यायची असेल तर आतून टॉर्च मारून पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी, घेऊ नये. निकॉनच्या काही लहान बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. त्यांच्यासाठी एएफ-एससारखी स्वतःची मोटर असलेलीच लेन्स घ्यावी. पावसाळ्यात सगळे सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आजचा कॅमेरा आपण सातवीच्या कॅडेटच्याही हातात देतो. लाखाची बॉडी आली की ती कपाटात जाईल आणि किल्ली दोघा-तिघांकडे राहील. मग बाकीचे शिकणार कधी?

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्या रोलीफ्लेक्स वापरत. त्या कॅमेऱ्याची लेन्स बदलता येत नाही आणि त्याला झूमही नसतो. जवळून फोटो हवा तर स्वतः पुढे जायचे. ड्रिलमध्येही रायफल सगळ्यांना सारखीच मिळते, फरक सरावाचा पडतो. नाहीतर नाचता येईना अंगण वाकडे, अशी गत व्हायची.

माझी सूचना अशी. मत देण्याआधी मागच्या संमेलनाचे फोटो संगणकावर उघडा. प्रत्येक फोटोत शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ नोंदलेले असते. हललेल्या फोटोंपैकी किती ५.६ वर आणि मंद शटरवर काढलेले आहेत, ते मोजा. मग यंदा दोन लेन्स घेऊन एक संमेलन पार पाडू. तरीही फोटो हललेलेच आले, तर पुढच्या वर्षी बॉडीसाठी मी स्वतः हात वर करीन.