घारापुरीची वाट

आमच्या घणसोली गांवाच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी आहे. ओहोटी लागली म्हणजे तिचें पाणी दक्षिणेकडे उतरत मुंबईच्या बंदरांत जातें, आणि त्याच बंदरांत घारापुरीचें बेट आहे. पाण्याची वाट अशी सरळ असली तरी माणसांची तशी नाहीं; आगगाडीनें मुंबई गांठून गेट वे ऑफ इंडियापाशीं होडी धरावी लागते. तेथून सुमारें तासाचा जलप्रवास. सोमवारीं लेणीं बंद असतात, एवढें निघण्यापूर्वीं ध्यानांत असूं द्यावें.

बेट म्हटलें कीं रुपेरी वाळू ज्यांच्या डोळ्यांपुढें येते त्यांची येथें निराशा होईल. येथें चिखल आहे, तिवरांची झाडी आहे, आणि वर डोंगर. धक्क्याजवळ पूर्वीं एक दगडी हत्ती होता. त्यावरूनच पोर्तुगीजांनीं बेटास ‘एलिफंटा’ म्हटलें. १८६४ सालीं तो विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलतांना पडून त्याचे तुकडे झाले. ते सांधून १९१४ मध्यें तो पुन्हां उभा केला. आज तो राणीच्या बागेशेजारीं दिसतो.

हत्ती निदान सांधतां आला. लेण्यांतील शिलालेखाचें तसें झालें नाहीं. पोर्तुगीजांनीं तो काढून आपल्या राजाकडे धाडला, असें दिओगो दो कूतो हा त्यांचाच बखरकार लिहितो. पुढें तो लेख नाहींसा झाला. एवढें थोर काम कोणीं करविलें हें सांगणारा साक्षीदारच गेला! मग कोणी पांडवांचें नांव घेतात. कूतोनें बाणासुराची व त्याच्या उषा नामक कन्येची कथा ऐकून लिहून ठेविली. पंडित शिल्पाच्या धाटणीवरून व बेटावर सांपडलेल्या कृष्णराज कलचुरीच्या नाण्यांवरून सहाव्या शतकाच्या मध्याकडे बोट दाखवितात. घरच्या माळ्यावरील जुनीं दप्तरें रद्दींत घालणाऱ्या आपल्या कुटुंबांनीं येथें क्षणभर थांबावें, असें आम्हांस वाटतें.

मुख्य मूर्ति सुमारें १८ फूट उंच. लोक तिला त्रिमूर्ति म्हणतात. वस्तुतः तीं ब्रह्मा-विष्णु-महेश नसून एकट्या सदाशिवाचीं मुखें आहेत. आपल्या डावीकडचें उग्र, उजवीकडचें कोमल व स्त्रीसुलभ, आणि मधलें इतकें शांत कीं बडबडणारीं मुलेंहि त्यापुढें गप्प होतात. वडील माणसांनीं हात जोडले तर विद्वानांनीं हंसूं नये. महाशिवरात्रीस येथें अजूनहि यात्रा भरते.

वर जाण्यास शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. वृद्धांसाठीं डोली मिळते. १८ डिसेंबर २०२४ रोजीं याच मार्गावरील एका प्रवासी होडीस आरमाराच्या वेगवान नौकेची धडक बसून अनेकांचे प्राण गेले. तेव्हांपासून आमचें मत ठाम झालें आहे: अंगांत तरंगजाकीट घातल्यावांचून कोणीं होडींत बसूं नये, मग घरांतील कर्ते पुरुष कितीहि पोहणारे असोत.

परततांना शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर या वस्त्यांची चौकशी अवश्य करावी. मुंबईचे दिवे रोज समोर पाहणाऱ्या या लोकांस समुद्राखालच्या तारेनें वीज मिळाली ती २०१८ सालीं.